दोन नोड, एक साठा : आय-स्कझी स्टोरेजचा दीड वर्षाचा अनुभव

फोंड्यातील आमच्या पतसंस्थेच्या पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या शाखा ज्या डेटाबेसवर चालतात, तो ओरॅकल आरएसीच्या, म्हणजे एकच डेटाबेस अनेक सर्व्हरांवर एकदम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, दोन नोडच्या (सर्व्हरांच्या) क्लस्टरवर आहे. दोन्ही नोड एकाच वेळी त्याच डेटाफाइलींवर लिहितात. म्हणजे सर्व्हर दोन असले, तरी डेटा एकच आणि तो ठेवण्याची पेटीही एकच. ही पेटी निवडण्याचे काम दीड वर्षापूर्वी माझ्याकडे आले. आम्ही दोन कंट्रोलरची आय-स्कझी पेटी, म्हणजे साध्या इथरनेट नेटवर्कवरून सर्व्हरांना डिस्क पुरवणारी पेटी, घेतली आणि तिने आता दोन पावसाळे काढले आहेत. ती कोणत्या कंपनीची हे लिहीत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येतील त्यांतील निम्म्या आमच्याच मांडणीच्या होत्या.

आमच्या एका धाकट्या सहकाऱ्याने सुरुवातीलाच विचारले होते की, एकच डिस्क दोन्ही सर्व्हरांना दाखवून तिच्यावर लिनक्सची नेहमीची ईएक्सटी४ फाइलसिस्टिम का करू नये? प्रश्न बाळबोध वाटला तरी निवडीचे मूळ त्यातच आहे. साधी फाइलसिस्टिम आपण एकटेच मालक आहोत असे धरून चालते आणि डिस्कचा कोणता ब्लॉक (तुकडा) मोकळा आहे याची नोंद आपल्या मेमरीत ठेवते. दोन सर्व्हरांनी ती एकदम लावली, तर दोघेही तोच ब्लॉक मोकळा समजून एकमेकांवर लिहितात आणि डेटा नासतो. म्हणून ओसीएफएस२ सारखी क्लस्टरची फाइलसिस्टिम, एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वाटून देण्याची पद्धत) किंवा डिस्क सांभाळणारे ओरॅकलचे स्वतःचे एएसएम यांपैकी काहीतरी लागतेच. आम्ही एएसएम घेतले आणि त्याविषयी माझी काहीही तक्रार नाही.

फायबर चॅनेलचा, म्हणजे फक्त स्टोरेजसाठीच्या वेगळ्या नेटवर्कचा, विचार लवकर मागे पडला. स्थैर्यात ते आजही सरस मानले जाते. पण त्यासाठी सर्व्हरांत वेगळी कार्डे, दोन वेगळे स्विच आणि झोनिंग (कोणत्या सर्व्हरला कोणती पेटी दिसावी याची स्विचमधली आखणी) जाणणारा माणूस लागतो. आमच्या हाती आलेल्या कोटेशनात सुटा भाग 'पुढील कामकाजाच्या दिवशी' मिळेल असे होते. तो भाग पुण्याहून निघणार, आणि जुलैत चोर्ला किंवा अनमोड घाटात दरड आली की पुढचा दिवस म्हणजे कोणता, याचे उत्तर विक्रेत्याकडे नव्हते. साधा इथरनेट स्विच पणजीत त्याच दिवशी मिळतो.

एनएफएसविषयी मात्र माझे मत चाचणीनंतर बदलले. डेटाबेसला ते चालत नाही असा समज अनेकांच्या मनात पक्का आहे, पण ११जी आवृत्तीपासून ओरॅकलचा स्वतःचा डायरेक्ट एनएफएस क्लायंट आहे, जो ऑपरेटिंग सिस्टिमला बाजूला ठेवून थेट फायलरशी (फाइली पुरवणाऱ्या पेटीशी) बोलतो आणि अनेक नेटवर्क मार्ग स्वतःच वापरतो. माउंट करताना 'हार्ड' आणि आरएसीसाठी 'एसीटाइमओ=०' हे पर्याय विसरले नाहीत, तर मल्टिपाथची, म्हणजे एकाच डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग सांभाळण्याची, सगळी कटकट वाचते. ज्या संस्थेत स्टोरेज पाहणारा वेगळा माणूस नाही, तिला मी आज एनएफएसच सुचवेन. आम्ही ते सोडले याचे कारण एवढेच की, आमच्या पैशांत दोन हेडचा (कंट्रोलरचा) फायलर बसत नव्हता आणि एका हेडवर अख्खे क्लस्टर टांगण्यात अर्थ नव्हता. ओरॅकलने १९सी पासून स्टँडर्ड एडिशन २ या स्वस्त आवृत्तीतून आरएसी काढून घेतल्यामुळे परवान्यांवरच एवढा खर्च झाला होता की, स्टोरेजच्या वाट्याला उरलेसुरले आले.

पेटी बसवल्यावर एका शनिवारी संध्याकाळी शटर ओढून आम्ही चाचणी घेतली. बनावट नोंदींचा ओघ चालू ठेवला आणि पहिल्या नोडची स्टोरेजकडे जाणारी दोनपैकी एक केबल उपटली. दुसरा मार्ग शाबूत होता, म्हणजे काहीच जाणवायला नको होते. प्रत्यक्षात नोंदींचा आकडा जागच्या जागी थांबला. एक मिनिट गेले, दीड गेले, आणि दोन मिनिटे उलटून गेल्यावर तो पुन्हा हलला. गंमत म्हणजे क्लस्टरच्या लॉगमध्ये नोड बाहेर काढल्याची नोंद नव्हती, कारण व्होटिंग डिस्कसाठी, म्हणजे नोड आपण जिवंत असल्याची हजेरी जिथे लावतात तिच्यासाठी, ओरॅकल २०० सेकंद वाट पाहते. त्याच्या लेखी दोन्ही नोड ठणठणीत होते. कॅशियरच्या लेखी यंत्रणा बंद होती.

दोष पेटीचा नव्हता. लिनक्सच्या आय-स्कझी इनिशिएटरमध्ये (सर्व्हरकडून पेटीशी जोडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तुटलेले सत्र परत जुळेल या आशेने थांबण्याची मुदत मुळात १२० सेकंद असते. मल्टिपाथ असेल तर एवढे थांबण्याचे कारणच नाही, कारण दुसरा मार्ग तयार असतो. आम्ही ती ५ सेकंद केली, पुन्हा केबल उपटली, आणि पुन्हा तीच दोन मिनिटे! मुख्य फाइलमध्ये केलेला बदल फक्त नव्याने शोधलेल्या टार्गेटना (जोडणीच्या पेटीकडील टोकांना) लागतो. आधी नोंदलेल्या प्रत्येक टार्गेटची नोंद वेगळी बदलावी लागते, हे पेटीसोबतच्या मांडणीपुस्तिकेत कुठेही नव्हते. तिसऱ्या खेपेस खंड पंधरा सेकंदांवर आला. विक्रेत्याच्या इंजिनिअरने आपल्या सादरीकरणात आयओपीएसचे (सेकंदाला किती वाचन-लेखने होतात त्याचे) आकडे भरपूर दाखवले होते, पण केबल एकदाही उपटून दाखवली नव्हती.

जंबो फ्रेमनेही, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या नेटवर्क पाकिटांनीही, दोन दिवस घेतले. एका स्विचचा एक पोर्ट नेहमीच्या १५०० बाइटवरच राहिला होता. लॉगिन होई, डिस्क दिसत, साधे पिंग जाई. मोठे वाचन सुरू झाले की सगळे गप्प. पाकिटाचे तुकडे न करण्याच्या अटीवर ८९७२ बाइटचे पिंग पाठवल्यावर दोष क्षणात सापडला.

पेटीविषयीची माझी खरी तक्रार कॅशच्या बॅटरीची आहे. कमिट (व्यवहार पक्का करण्याचा हुकूम) आले की रीडो लॉगचे (बदलांच्या नोंदवहीचे) लेखन पेटीच्या कॅशमध्ये, म्हणजे तिच्या वेगवान मेमरीत, उतरते आणि लगेच 'झाले' असा निरोप येतो. हा वेग बॅटरीच्या भरवशावर असतो. बॅटरी उतरली की कंट्रोलर सावधपणे थेट डिस्कवर लिहू लागतो, आणि आरएआयडी ५ या डिस्कांच्या मांडणीवर प्रत्येक लहान लेखनामागे चार वेळा डिस्कला हात लावावा लागतो. गेल्या जूनमध्ये, वीज दिवसातून चारदा जात असताना, काणकोणहून फोन आला, "सर, व्हाउचर पोस्ट व्हायला फार वेळ लागतोय." सर्व्हर मोकळे होते, 'लॉग फाइल सिंक'ची (रीडो लॉग लिहून होण्याची) प्रतीक्षा मात्र फुगली होती. बॅटरीचा इशारा पेटीच्या वेबपानावर नऊ दिवस पिवळा होऊन बसला होता. त्याची ईमेल पाठवण्याची सोय पेटीत होती, पण ती मुळात बंद ठेवलेली असते आणि बसवणाऱ्याने ती चालू केली नव्हती. नवी बॅटरी सहाव्या दिवशी आली. तोवर आम्ही रीडो लॉग आरएआयडी १० च्या (डिस्कांच्या जुळ्या प्रती ठेवणाऱ्या मांडणीच्या) वेगळ्या गटावर हलवले, जे मुळात पहिल्या दिवशीच करायला हवे होते.

त्यानंतर व्यवस्थापनाने तशीच दुसरी पेटी मंजूर केली आणि एएसएमने दोन्हींवर डेटाची एकेक प्रत ठेवायला सुरुवात केली. इथे एक सेटिंग घातक ठरते. मल्टिपाथमध्ये सगळे मार्ग गेल्यावर लेखन अनिश्चित काळ रांगेत ठेवण्याची सोय आहे. एकच पेटी असताना ती उपयोगी, पण दोन पेट्या असताना मेलेल्या पेटीची चूक एएसएमपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे ते त्या डिस्क बाजूला काढून दुसऱ्या प्रतीवर काम पुढे नेऊ शकत नाही. ती सोय आम्ही बंद केली.

राहिला व्होटिंग फाइलींचा, म्हणजे वर आलेल्या व्होटिंग डिस्कचा, प्रश्न. नोड जिवंत राहण्यासाठी निम्म्याहून अधिक व्होटिंग फाइली दिसाव्या लागतात. तीन फाइली दोन पेट्यांत वाटल्या तर एका पेटीत दोन जाणार, आणि नेमकी तीच पेटी बंद पडली तर दोन्ही नोड एकदम झोपणार. म्हणून तिसरी फाइल आम्ही मडगाव शाखेतील एका जुन्या लिनक्स मशीनवर एनएफएसने ठेवली आहे. त्या मशीनवर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी आहे, आणि चवथीच्या सुट्टीला जाताना शाखेतले शिपाई अजूनही मला फोन करून विचारतात की, हे खरोखरच चालू ठेवायचे आहे का.