वैदिक ध्यान: वर्षभराच्या वापरानंतर, मुख्यतः शेवटच्या तीन मिनिटांबद्दल

ज्यांच्याकडे मी हे ध्यान शिकले त्या वर्गाचा परवा मेसेज आला, यापुढे तपासणीला, म्हणजे ध्यान बरोबर होतंय का हे शिक्षक बघतात त्याला, वेगळे पैसे पडतील. फी भरताना सांगितलं होतं की एकदा शिकलात की तपासणी जन्मभर मोफत. मी पावतीचा फोटो पाठवला. "ताई, धोरण बदललंय," एवढंच उत्तर आलं. त्यांचं सोलापुरात कायमचं केंद्र नाही. बाहेरून येतात, होटगी रोडला हॉल भाड्यानं घेतात, चार दिवस शिकवतात आणि जातात. प्रवासखर्च, भाडं, सगळं मला समजतं. पण तो खर्च फीमध्ये धरलेलाच असणार, कारण ती फी आमच्या घरच्या दोन महिन्यांच्या किराण्याच्या वर होती. म्हणून म्हटलं, आता सविस्तर लिहावंच. वर्गाबद्दल थोडं आणि ध्यानाबद्दल जास्त, कारण वर्गावर माझा राग असला तरी ध्यान मी सोडलेलं नाही.

पद्धत बहुतेकांना माहीत असते. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं, टेकून बसायचं, दिलेला मंत्र मनातल्या मनात सुरू करायचा, तो विरळ होत गेला तर जाऊ द्यायचा, विचार आले तर येऊ द्यायचे. एकाग्रतेचा हट्ट नाही. पहिल्या दिवशी फळं, फुलं आणि कोरा पांढरा रुमाल घेऊन जायचं, छोटी पूजा होते आणि मंत्र एकट्यालाच सांगितला जातो. महर्षी महेश योगी यांनी 1950च्या दशकात हीच पद्धत लोकांना शिकवायला सुरुवात केली. त्यांचे गुरू स्वामी ब्रह्मानंद सरस्वती हे 1941 ते 1953 ज्योतिर्मठाचे शंकराचार्य होते. आता 'वैदिक ध्यान' नावानं शिकवणारे बरेचसे शिक्षक महर्षींच्या मूळ संस्थेच्या बाहेरचे आणि स्वतंत्र असतात. त्यामुळे फी, नियम आणि नंतरची सेवा सगळीकडे सारखी मिळेलच असं नाही. पैसे भरण्याआधी हे विचारून घ्या.

मी जॅकार्ड डिझाइनचं, म्हणजे मागावर विणतानाच उठणाऱ्या नक्षीचं काम करते. चादर, टॉवेल, नॅपकिन. एमआयडीसीतले कारखानदार सांगतात तसं घरी कॉम्प्युटरवर ग्राफ काढून देते. वर्गाच्या माहितीपत्रकात तीन गोष्टी मोठ्या अक्षरांत होत्या: सर्जनशीलता वाढते, भावनांचं भान येतं, व्यक्तिमत्त्वाचा विकास होतो. मी पहिलीसाठी गेले होते. दोन वर्षं माझ्या हातून त्याच वेली आणि तेच मोर निघत होते, फक्त रंग बदलून.

पहिले दोन-तीन महिने सांगण्यासारखं काही घडलं नाही. झोप बरी लागायला लागली, ती मात्र आठवड्याभरातच. डिझाइनमध्ये तसूभरही फरक नव्हता. उलट संध्याकाळच्या बैठकीनंतर डोकं जड व्हायचं, कपाळ ठणकायचं आणि पुढचे दोन तास मी घरात कुणालाही नीट उत्तर देत नव्हते. मुलगी म्हणाली, "आई, तू ध्यान करतेस त्या दिवशीच जास्त चिडतेस." तेव्हा मी वर्गाला फोन केला. पुढच्या फेरीला आलो की बघू, असं ते म्हणाले. ती फेरी दिवाळीनंतरची होती.

उत्तर मिळालं ते मामाकडून. मामा 80च्या दशकात पुण्यात शिकायला होता, तेव्हा तिथे हे ध्यान शिकलेला. फोनवर मी सगळं सांगितलं तर त्यानं एकच विचारलं, "मंत्र सोडल्यावर किती वेळ बसतेस?"

"म्हणजे?"

"अगं, वीस मिनिटं झाली की मंत्र थांबवायचा आणि डोळे मिटूनच दोन-तीन मिनिटं नुसतं बसायचं. मग हळूहळू डोळे उघडायचे. सांगितलं नाही तुला?"

सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी चाळीस माणसांच्या हॉलमध्ये, पंख्याच्या आवाजात, एका वाक्यात. त्यावर जोर दिला नव्हता, कारण सांगितलं नव्हतं, लिहून तर मुळीच दिलं नव्हतं. माझी या वर्गाबद्दलची खरी तक्रार ही आहे, पैशांची नंतर.

या तीन मिनिटांबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे. बैठकीत शरीर खरंच संथ होतं. रॉबर्ट कीथ वॉलेस यांनी 1970मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मोजमापं छापली होती, त्यात ध्यान करताना प्राणवायूचा वापर आणि नाडीचे ठोके कमी झालेले दिसतात. 1984मध्ये डेव्हिड होम्स यांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासून म्हटलं की नुसतं डोळे मिटून स्वस्थ बसलं तरी जवळपास तेवढाच फरक पडतो. तो वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. वापरणाऱ्याच्या दृष्टीनं एवढं पुरे, की श्वास मंदावलेला असतो, हातपाय जड असतात, आणि त्या अवस्थेतून ताडकन उठलं तर माणूस गाढ झोपेतून दचकून उठवल्यासारखा होतो. संध्याकाळ सगळी त्यातच जाते.

आणि सोलापुरात ताडकन उठायची कारणं काही कमी नाहीत. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, वेळ पुढेमागे होते. शेजारच्या वहिनी गॅलरीतून ओरडल्या "पाणी आलंऽऽ" की मोटार लावायला धावायचंच, कारण दाब तासभरच टिकतो. माझी संध्याकाळची बैठक नेमकी त्या सुमाराला असायची. मामाशी बोलल्यावर मी कॅलेंडरवर पाण्याचे दिवस खुणा करून बघितले, तर डोकेदुखीचे बहुतेक दिवस तेच होते. बाकीच्या दिवशी मोबाईलचा अलार्म. तोही बंद केला. मुळात पद्धतीत अलार्म नाहीच, समोर घड्याळ ठेवायचं आणि वाटलं की एक डोळा उघडून बघायचं. सासूबाईंचं जुनं टेबलावरचं घड्याळ काढलं, काटे मोठे आहेत, चष्मा लागत नाही.

पाण्याच्या दिवशी आता संध्याकाळची बैठक मी दुपारी साडेतीनला करते. मुलगी शाळेतून यायच्या आधी. मंत्र सोडते, हाताची बोटं आधी हलवते, मग पावलं, मग मान. समोरच्या गल्लीतल्या मागांची खटखट त्या वेळी पुन्हा कानावर यायला लागते, ती बैठकीत मधेच कधीतरी नाहीशी झालेली असते. ती नीट ऐकू आली की डोळे उघडायचे, हा माझा मी घालून घेतलेला नियम. डोकेदुखी पंधरवड्यात थांबली. आवाजाबद्दलचं माझं मतही त्यामुळे बदललं. आधी वाटायचं, ही खटखट आहे तोवर आमच्या भागात ध्यान व्हायचं नाही, त्यासाठी शांत बंगला पाहिजे. तसं काही लागत नाही. सतत चालणारा आवाज त्रास देत नाही, अचानक येणारा देतो.

आता भावनांच्या भानाबद्दल. माहितीपत्रकातला हा शब्द मला पोकळ वाटला होता. दिवाळीनंतर एका कारखानदाराकडे नवं डिझाइन घेऊन गेले. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "मॅडम, मागच्यासारखंच वाटतंय हो." पूर्वी अशा वेळी मी लगेच बोलायला लागायचे, यात वेल वेगळी आहे, किनार वेगळी आहे, मग घरी येऊन तेच डिझाइन हट्टानं तीनदा रंग बदलून परत पाठवायची. त्या दिवशी मला गळ्याशी काहीतरी आवळल्याचं आधी कळलं. कान गरम झाले, तेही कळलं. हा अपमान आहे, राग नाही, हे मला त्यांच्या टेबलासमोर उभी असताना कळलं. मी म्हटलं, "बरोबर आहे, दुसरं करून आणते." परतीच्या रिक्षात वाईट वाटत राहिलं, पण ते अपमानाचं वाटत होतं आणि डिझाइन त्यात अडकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी जुनी फाईल उघडलीच नाही. कोरा ग्राफ घेतला. चादरीत सगळ्यात अवघड जागा असते कोपरा. लांबीची किनार आणि रुंदीची किनार तिथे भेटतात, आणि वेल एका दिशेची असेल तर कोपऱ्यात तिला वळवणं जिकिरीचं होतं. शिवाय आपली चादर दोन्ही बाजूंनी वापरतात, वरचा रंग मागे उलटा पडतो, म्हणजे कोपरा दोन्हीकडून बघावा लागतो. वर्षानुवर्षं मी तिथे एक चौकोनी फूल बसवून वेळ मारून नेत होते. या वेळी फूल काढून टाकलं आणि वेल कोपऱ्यात सुटीच ठेवली, तिची शेवटची तीन पानं आतल्या मोकळ्या जमिनीवर उतरवली. ग्राफवर हुकांचं (मागावर धागे उचलणाऱ्या आकड्यांचं) गणित बसायला दोन दिवस गेले. ते डिझाइन लूमवर चढलं. आता त्याची नॅपकिनची आवृत्तीही मागितली आहे.

म्हणजे सर्जनशीलता वाढली का? माझं उत्तर मधेच बदललं, म्हणून दोन्ही लिहिते. दिवाळीपर्यंत मी सगळ्यांना सांगत होते की तो दावा फुकाचा आहे. आता म्हणेन, दावा चुकीच्या जागी ठेवलाय. बैठकीत एकही नक्षी सुचलेली नाही, आणि सुचावी म्हणून बसलं तर बैठक बिघडते. फरक पडला तो नाकारलेलं काम सोडून देण्यात. हातातलं जुनं सुटलं की नवं शोधायला जागा होते. ज्यांना डोकं कोरं झाल्यासारखं वाटतं त्यांच्यापेक्षा, ज्यांना आपल्याच कामाचा मोह सुटत नाही, त्यांना याचा उपयोग जास्त होईल असं मला वाटतं.

बीटल्स 1968मध्ये ऋषिकेशला महर्षींकडे राहिले आणि तिथे गाण्यांचा ढीग झाला, हे उदाहरण प्रत्येक वर्गात देतात. आमच्याही दिलं. ते खरं आहे, पण तिथे त्यांना आठवडेच्या आठवडे दुसरं काम नव्हतं, गिटार होती आणि सोबत तितकेच गुणी मित्र होते. ते सगळं श्रेय मंत्राला देता येत नाही. त्यापेक्षा 2012चा लोरेंझा कोल्झाटो आणि सहकाऱ्यांचा नेदरलँड्समधला प्रयोग मला जास्त पटला. त्यात येईल त्या विचाराकडे मोकळेपणी बघायच्या ध्यानानंतर लोकांना एका वस्तूचे अधिक निराळे उपयोग सुचले, एकाच गोष्टीवर लक्ष रोखण्याच्या ध्यानानंतर तसं झालं नाही. तो प्रयोग मंत्रध्यानाचा नव्हता, तेव्हा तो आपल्याला जसाच्या तसा लावू नये. पण जोर न लावणं महत्त्वाचं, हे माझ्या अनुभवाशी जुळतं. आणि 2014मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात 47 चाचण्यांचा जो आढावा आला, त्यात चिंता आणि नैराश्य यांवर सजगता-ध्यानाचा (माइंडफुलनेसचा) मध्यम पुरावा मिळाला, मंत्रध्यानाचा पुरावा कमकुवत निघाला. वर्गात हे कुणी सांगत नाही. सांगायला पाहिजे. माणूस पैसे मोजतो तेव्हा त्याला दोन्ही बाजू कळायला हव्यात.

व्यक्तिमत्त्व विकासाचं म्हणाल तर घरचेच सांगू शकतील. मुलीनं ते चिडण्याचं वाक्य पुन्हा म्हटलेलं नाही, एवढं मी बघितलंय.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांच्या जत्रेत, पाहुण्यांनी घर भरलेलं होतं, नंदीध्वजांच्या मिरवणुकीला सगळे रस्त्यावर, बैठका सुटल्या. त्याचं काही बिघडलं नाही. उलट सिद्धेश्वर तळ्याच्या काठी एक दिवस पहाटे बसले, थंडी होती, शाल होती, आणि वर्षातली सगळ्यात चांगली बैठक ती झाली. शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या गावात ध्यानासाठी बाहेरून शिक्षक बोलवावा लागतो याचं मला वाईट वाटतं, पण शिस्त मला त्या वर्गामुळेच लागली, हेही तितकंच खरं आहे. उन्हाळा मात्र कठीण आहे. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की दुपारी साडेतीनची बैठक घामात जाते, आणि कूलरसमोर बसलं तर झोप लागते. सध्या मी फरशीवर चटई टाकून भिंतीला टेकून बसते. पुरेसं आहे, फार चांगलं नाही.

घ्यावं का? फी परवडत असेल आणि शिक्षक नंतर फोन उचलणारा असेल तर घ्या. आधी त्यांच्याकडे शिकलेल्या दोघा-तिघांशी बोला, तपासणीचे नियम लिहून मागा, आणि मंत्र थांबवल्यानंतरची मिनिटं प्रत्यक्ष करवून घेतात का ते विचारा. कर्ज काढून किंवा घरखर्च तोडून मुळीच जाऊ नका. आधी महिनाभर रोज दोनदा डोळे मिटून शांत बसून बघा, त्याला काही पैसे पडत नाहीत. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. बैठकीत जुनी दुःखं अचानक वर येतात, माझ्याही आली होती, आणि आमच्या वर्गात त्याला 'ताण निघतोय' म्हणून सोडून देतात. रडू थांबत नसेल, झोप उडाली असेल, तर बैठका थांबवून आधी डॉक्टरांकडे जा.