ओपनडीटेक्ट की पेट्रेल?

भूगर्भातून परतलेल्या ध्वनिलहरींवरून खडकांचे थर ओळखायची ही दोन सॉफ्टवेअरं. होरायझन, म्हणजे थरांमधली सीमा, उचलायची (आखून घ्यायची) मूळ रीत दोन्हींत एकच: सीड (सुरुवातीचा) बिंदू द्यायचा, मग ट्रॅकर शेजारच्या ट्रेसवर (एका जागेच्या लहरींच्या नोंदीवर) लहरीचं तेच शिखर किंवा तीच दरी शोधत पुढे सरकतो. मोठा फॉल्ट (थर तुटून सरकलेली भेग) आडवा आला की दोन्ही अडखळतात. तिथे माणसाचाच हात लागतो.

खरा फरक खिशाचा. एसएलबीचं पेट्रेल विंडोजवर, महागड्या परवान्यावर चालतं. पण विहिरींच्या नोंदींपासून रिझर्व्हॉयरच्या (तेल-वायूच्या साठ्याच्या) मॉडेलपर्यंत सगळं एकाच छताखाली. डच कंपनी डीजीबीचं ओपनडीटेक्ट लिनक्सवरही चालतं आणि मूळ आवृत्ती फुकट. सरावाला उत्तर समुद्रातल्या एफ३ ब्लॉकचा १९८७ चा त्रिमितीय डेटाही मोफत. विद्यार्थ्याला आणखी काय हवं? मात्र शेकडो थर एकदम काढणारं ओपनडीटेक्टचं जोड-सॉफ्टवेअर होरायझनक्यूब विकत घ्यावं लागतं. मेख तिथे आहे!