होस्टची सुट्टी कुठे बरी: ओरेगॉनचा किनारा की ब्राइसचं पठार?

आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, दारात उभी आहे, मुलं मार्गी लागली आहेत आणि पुढच्या हंगामात अमेरिकेतल्या एखाद्या पार्कात कॅम्पग्राउंड होस्ट, म्हणजे तंबू-गाड्यांच्या तळावर राहून त्याची देखभाल करणारे स्वयंसेवक, म्हणून जायचं जवळपास ठरलंय. फक्त कुठे जायचं, यावर घरात एकमत होत नाही. अशा जोडप्यांसाठी हे लिहितेय. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले आहात असं धरलंय, व्हिसावर आलेल्यांचे नियम वेगळे.

होस्टचं काम इथूनतिथून सारखंच. आलेल्यांना साइट दाखवायची, फायर रिंगमधली, म्हणजे शेकोटीच्या कड्यातली, राख उपसायची, सरपणाच्या मोळ्या विकायच्या, रात्री उशिरा जनरेटर चालू ठेवणाऱ्याला गोड बोलून गप्प करायचं. आठवड्याचे साधारण वीस ते तीस तास यात जातात. बदल्यात जागा फुकट, बहुतेक ठिकाणी वीज-पाण्यासकट. राख ओरेगॉनची काय नि यूटाची काय, राखच. म्हणून माझं म्हणणं असं, की पार्क निवडताना काम बघू नका, सुट्ट्या बघा. त्या किती आहेत यापेक्षा सलग आहेत का, आणि त्या दिवसांत गाडीने कुठवर जाऊन परत येता येतं, ते बघा.

शनिवार-रविवार कॅम्पग्राउंड भरलेलं असतं, त्यामुळे होस्टची सुट्टी बहुधा मधल्या वारी येते. हे वरदानच समजा. ज्या पार्किंगसाठी रविवारी लोक घिरट्या घालतात, तिथे मंगळवारी सकाळी हवी ती जागा मिळते.

आता दोन्ही बाजू. एकीकडे ओरेगॉनच्या किनाऱ्यावर न्यूपोर्टजवळची साउथ बीच, बेव्हर्ली बीच ही स्टेट पार्कं. दुसरीकडे दक्षिण यूटातलं ब्राइस कॅन्यन नॅशनल पार्क आणि त्याचा परिसर.

ओरेगॉन: अर्ध्या दिवसाच्या सहली

इथलं सगळं हायवे 101 ला माळेसारखं ओवलेलं आहे. न्यूपोर्टच्या जरा उत्तरेला यक्विना हेडचं 93 फुटी दीपगृह, 1873 पासून पेटतं असलेलं. आणखी वर डेपो बे, जिथे उन्हाळाभर ग्रे व्हेल अगदी किनाऱ्यालगत चरताना दिसतात. दक्षिणेला पाऊण-एक तासावर केप पर्पेच्युआ, त्याच्यापुढे हेसेटा हेड. सकाळी कपडे धुऊन, वाणसामान भरून, जेवून निघालात तरी संध्याकाळच्या आत एक ठिकाण नीट पाहून होतं. शिवाय 1967 च्या कायद्याने ओरेगॉनची पुळण सगळ्यांना खुली आहे. कुणाचा बंगला समोर आहे म्हणून चालायचं थांबावं लागत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत आवडते ती यक्विना हेडच्या पायथ्याची ओहोटी. तिथे वाळू नाही, काळ्या बसॉल्टचे गुळगुळीत गोटे आहेत. आपल्या सह्याद्रीचा दगड असतो ना, तोच प्रकार. लाट मागे सरली की गोटे एकमेकांवर घरंगळतात आणि सगळा किनारा खडखडतो. पाणी पुरतं ओसरलं की खडकांतल्या डबक्यांत जांभळे सी अर्चिन चिकटून बसलेले दिसतात, हिरवे अ‍ॅनिमोन, नारिंगी तारामासे. काही उचलायचं नाही, पाय उघड्या दगडावरच द्यायचा आणि समुद्राकडे पाठ करायची नाही, कारण मध्येच एखादी मोठी लाट चालून येते. दिवस ठरवायला आमच्या आरव्हीत टांगलेलं कालनिर्णय पुरतं: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे ओहोटीही तितकीच खोल. नेमकी वेळ मात्र तिथल्याच भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघावी. वसंतात आणि उन्हाळ्यात खोल ओहोटी बहुधा सकाळची असते, हे आणखी एक सुख.

खोट एकच, पण मोठी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आत खोऱ्यात ऊन तापलं की किनाऱ्यावर धुकं येऊन बसतं. दुपारी बोचरा वारा. समुद्रात डुंबण्याचं स्वप्न घेऊन येऊ नका, पाणी बर्फासारखं असतं. सलग दोन सुट्ट्या धुक्यात गेल्या की माणूस चिडचिडा होतो, स्वानुभव आहे. अशा वेळी अडीच तास गाडी हाकून पोर्टलंडजवळच्या बीव्हर्टन-हिल्सबरोकडे जावं. तिथे भारतीय वाण्याकडे पोह्यांपासून भाजणीपर्यंत साठा करता येतो आणि ऊनही भेटतं.

ब्राइस: लांब पल्ले, पण डोळ्यांचं पारणं

इथला हिशेब वेगळा. झायन नॅशनल पार्क सुमारे दोन तासांवर. कॅपिटल रीफ नॅशनल पार्क हायवे 12 ने तीन तास धरा, कारण रस्ताच थांबत थांबत पाहण्याजोगा आहे. एस्कलांटे आणि बोल्डर या गावांमधल्या हॉगबॅक नावाच्या चिंचोळ्या धारेवर दोन्ही बाजूंना दरी आणि मधे जेमतेम रस्ता. उंचीची भीती असलेल्याने गाडी चालवू नये, शेजारी बसून डोळे मिटावेत. कॅपिटल रीफमधल्या फ्रूटा या जागी मॉर्मन पंथाच्या वसाहतकऱ्यांनी लावलेल्या फळबागांची परंपरा अजून राखली आहे. जूनपासून चेरी, जर्दाळू, मग पीच, सप्टेंबरात सफरचंदं. तोडणीला खुल्या असलेल्या बागेत उभं राहून खाल्लेलं फळ फुकट, घरी न्यायचं तर वजन करून पैसे पेटीत टाकायचे. एका दिवसात जाऊन येणं म्हणजे सहा तास गाडीत. मुक्काम हवाच.

सुट्ट्या सलग न मिळता एकेकट्या मिळाल्या तर मग ब्राइसच उरतं, आणि तेही थोडंथोडकं नाही. क्वीन्स गार्डनने उतरून नवाहो लूपने वर यायचं, तीन मैलांच्या आतबाहेर. पहाटे खालून पाहिलं की हूडू नावाच्या लाल सुळक्यांवर आधी टोकाला ऊन लागतं आणि हळूहळू खाली झिरपतं. रात्री आकाश इतकं काळं, की कालनिर्णय इथेही कामाला येतं, फक्त चांदण्यांसाठी अमावास्या धरायची.

पण कड्याची उंची 8000 फुटांच्या वर आहे. पहिले काही दिवस जिना चढतानाही धाप लागते. रक्तदाब किंवा हृदयाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जुलै ते सप्टेंबर दुपारी विजांसह पाऊस कोसळतो, तेव्हा कड्यावर उभं राहायचं नाही आणि अरुंद घळींत तर शिरायचंच नाही. भाजणी, गोडा मसाला निघतानाच भरून घ्या.

पासाबद्दल थोडक्यात. ब्राइस, झायनला गाडीमागे 35 डॉलर प्रवेश आहे. 62 पूर्ण असतील तर 80 डॉलरचा आजीव सीनियर पास काढा आणि विषय संपवा. वय कमी असेल तर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, संस्थांकडे 250 तास काम केल्यावर वर्षभराचा पास फुकट मिळतो. आठवड्याला 24 तास धरले तर त्याला साडेदहा आठवडे लागतात. स्टेट पार्कातल्या होस्टगिरीचे तास त्यात धरत नाहीत, म्हणजे इथे ब्राइसचं पारडं जड.

मग कुठे?

सुट्ट्या विखुरलेल्या असतील, दोघांपैकी एकालाच गाडी चालवायची असेल, गुडघे कुरकुरत असतील, तर ओरेगॉन, डोळे झाकून. सलग तीन दिवस हमखास मिळणार असतील तर ब्राइस. धुकं सोसवत नाही अशांनीही ब्राइसच. होकार देण्याआधी तिथल्या समन्वयकाला दोन गोष्टी लेखी विचारा: सुट्ट्या सलग का, आणि तास माणशी मोजता की जोडप्यामागे. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराने सगळं गणित फिरतं.

आणि कुठेही गेलात तरी सुट्टीच्या दिवशी साइटवर बसू नका. ‘आज सुट्टी’ची पाटी लावली तरी लाकडं हवी असलेला माणूस दार वाजवतोच. चहा थर्मासमध्ये भरा आणि आठच्या आत बाहेर पडा.