वादविवाद कार्यशाळा : विषय निवडायला शिकवणारे दोन दिवस

दादरला एका सामाजिक संस्थेने घेतलेल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला आमच्या गटातील स्वयंसेवकांना घेऊन मी गेले होते. वक्तृत्वाचे धडे नेहमीचेच होते, पण विषय निवडण्याची पद्धत मला फार मोलाची वाटली. विषय फळ्यावर लिहिला की आधी दोन्ही बाजूंचे चार-चार मुद्दे काढून पाहायचे आणि एका बाजूचे मुद्दे लगेच आटले, तर तो पुसून टाकायचा. ‘भ्रष्टाचार वाईट आहे का’ हा विषय असाच गळला. २०२५ मध्ये उच्च न्यायालयात गेलेला कबुतरखान्यांचा वाद मात्र टिकला, कारण त्यात श्वसनविकारांची भीती आणि जीवदयेची श्रद्धा या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जिची आजी रोज कबुतरांना चणे टाकत असे, त्या मुलीला कबुतरांना दाणे टाकण्यावरच्या बंदीची बाजू मिळाली. तिने हातातला कागद खाली ठेवला, आधी आजीचे म्हणणे पूर्ण मांडले आणि मगच त्याला उत्तर दिले.

एक उणीव मनापासून खटकली. ‘पहिलीपासून हिंदी लादावी का’ या विषयातील ‘लादावी’ या शब्दानेच निकाल देऊन टाकला होता. शिवाय जून २०२५ मध्ये मागे घेतलेले त्याबाबतचे शासन निर्णय कोणाला वाचायलाच दिले नव्हते, त्यामुळे मुले ऐकीव माहितीवर भांडत राहिली. पुढच्या तुकडीला मी अवश्य पाठवणार आहे. शासन निर्णयांच्या प्रती मात्र आम्हीच छापून नेऊ.