टाकीत औषध ओतून व्हॉल्व्ह साफ होत नाहीत: घाटाखाली गेलेले साडेसहा हजार

आंब्याच्या सीझनमध्ये पेट्या भरून रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालेल्या गाडीला थांबायला वेळ नसतो. माल तापतो, बाजार चुकतो. घाटाखालच्या काही गॅरेजवाल्यांचा धंदा नेमका या घाईवर चालतो, म्हणून हे लिहितोय.

आमची गाडी २०१८ ची, बीएस-४ डिझेल पिकअप. आंबा घाट चढण्याआधी ड्रायव्हरने एका गॅरेजात एअर फिल्टरला हवा मारून घेतली. तिथून निघाला आणि पहिल्याच चढाला गाडी ओढेना, मागे काळा धूर. बिचारा परत खाली आला. गॅरेजवाल्याने टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, पाइप काढला, आत बोट फिरवलं आणि तेलकट बोट त्याच्यापुढे धरलं. "टर्बो ऑइल टाकतोय पाहुणं, व्हॉल्व्हवर थर बसलाय. घाटात इंजिन बसलं तर माल कोण उचलणार?"

मला फोन आला. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर काळ्याकुट्ट व्हॉल्व्हचा फोटो. हायड्रोजनच्या मशीनने डिकार्बन, म्हणजे आतली काजळी जाळून साफ करणं, आणि डिझेलच्या टाकीत एक डबा औषध, मिळून ६,५०० रुपये. माल वाटेत अडकलेला, मी यूपीआयने पाठवले. तासाभरात 'नंतरचा' चकचकीत फोटो आला आणि गाडी खरंच घाट चढून गेली.

रात्री तो दुसरा फोटो मोठा करून बघितला. दोन व्हॉल्व्हच्या शेजारी स्पार्क प्लग दिसत होता. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग! कुठल्या तरी पेट्रोल कारचा फोटो आम्हाला विकला होता.

गाडी परत आल्यावर आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपाच्या क्लिपवर स्क्रू-ड्रायव्हरचे ताजे ओरखडे होते. ही क्लिप सैल असली की टर्बोची हवा बाहेर पळते, इंजिनला हवा कमी पडते, गाडी ओढत नाही आणि काळा धूर मारते. क्लिप आवळली की सगळं जागेवर. ती आधीच सैल होती की फिल्टरच्या निमित्ताने कुणी सैल केली, हे मी सिद्ध करू शकत नाही. तुम्ही काय समजायचं ते समजा. मिस्त्रीने सिलिंडरकडे हवा नेणारा मॅनिफोल्डही उतरवला. आतला काजळीचा थर जसाच्या तसा, डांबरासारखा चिकटलेला.

म्हणजे थर बसतो हे खोटं नाही, आणि म्हणूनच ही थाप पचते. डिझेल इंजिनात इंजेक्टर डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारतो. इनटेक व्हॉल्व्हवरून जाते ती फक्त हवा. त्या हवेत ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर काढणारा पाइप) येणारी ऑइलची वाफ असते आणि ईजीआरमधून (सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर परत वळवणारी यंत्रणा) परत आत सोडलेला धूर. वाफ आणि काजळी एकत्र आली की मॅनिफोल्डमध्ये आणि व्हॉल्व्हच्या पाठीवर चिकटा धरतो. टाकीत ओतलेलं औषध फार तर इंजेक्टरच्या नोझलला लागेल, व्हॉल्व्हच्या पाठीला ते शिवतच नाही.

हायड्रोजनचंही तसंच. अडीच लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन ८०० आरपीएमला मिनिटाला साधारण १,००० लिटर हवा ओढतं. त्यात त्या मशीनचा वायू किती पुरणार? आणि तो पेटतो सिलिंडरच्या आत, थर व्हॉल्व्हच्या अलीकडे. चालू डिझेल इंजिनच्या हवेच्या पाइपात क्लीनरचा स्प्रे मारू द्यायचा तर विचारच नको. त्या स्प्रेवरच इंजिन सुसाट सुटतं आणि किल्ली फिरवली तरी बंद होत नाही.

पाइप आतून तेलकट असणं हा टर्बो गेल्याचा पुरावा नाही. बहुतेक गाड्यांत ब्रीदर टर्बोच्या आधीच्या पाइपाला जोडलेला असतो, त्यामुळे थोडा ओशटपणा असायचाच. तेल साचून ओघळत असेल आणि डिपस्टिकवरची लेव्हल उतरत असेल, तर टर्बो तपासा.

थर कमी बसावा म्हणून जे करायचं ते साधं आहे. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल, वेळेवर बदललेलं, आणि लेव्हल वरच्या खुणेच्या वर कधीच नाही; जास्त ऑइल भरलं की ब्रीदरमधून जास्त वाफ जाते. ब्रीदरचा पाइप आणि त्यातला ऑइल सेपरेटर सर्व्हिसिंगला उघडून बघायला सांगा, आपणहून कुणी बघत नाही. एअर फिल्टर तुंबू देऊ नका, कारण हवा कमी मिळाली की टर्बोच्या सीलमधून ऑइल ओढलं जातं. तासन्‌तास गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवणं हेही काजळीचं मोठं कारण, मार्केटच्या रांगेत तर सर्रास चालतं. आणि साफच करायचं झालं तर मॅनिफोल्ड काढून हाताने, किंवा व्हॉल्व्ह बंद स्थितीत आणून अक्रोडाच्या कवचाचा भुगा मारून. दोन्हींत खोलाखोली आहे, वेळ जातो. वाटेत उभ्या-उभ्या होणारं ते काम नाही.

त्या गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणाला, "गाडी चालतीय न्हवं?" पैसे त्याच्या वैयक्तिक खात्यात गेलेले, चिठ्ठीवर नुसतं 'इंजिन ट्रीटमेंट', जीएसटी नंबर नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली आहे. फोटो, चिठ्ठी आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट होता म्हणून ती नोंदवता तरी आली. ड्रायव्हरला आता एवढंच सांगून ठेवलंय की कुणी आतला फोटो दाखवला तर आधी आपल्या गाडीची नंबरप्लेट, मग तिथून न थांबवता इंजिनच्या आतपर्यंत सलग व्हिडिओ काढायला लाव, आणि तोवर क्लिपा स्वतः आवळून बघ.