प्रेडनिसोलोनचे नऊ महिने: सुरू करणे सोपे, उतरवणे जिकिरीचे

गेल्या ऑक्टोबरात सकाळी केस विंचरायला माझा हात डोक्यापर्यंत जात नव्हता आणि पलंगावरून उठण्यासाठी यजमानांचा आधार घ्यावा लागत असे. माझे वय 64. नागपूरच्या धंतोलीतील संधिवाततज्ज्ञांनी लक्षणे आणि वाढलेला ईएसआर (शरीरातील दाह दाखवणारी रक्ततपासणी) पाहून पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका (खांदे व कंबरेभोवती दुखणे आणि आखडणे असा दाहाचा आजार) असे निदान केले व प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड 15 मिलिग्रॅम रोज सुरू केले. चौथ्या दिवशी मी माझा अंबाडा स्वतः घातला. या औषधाचे दोष पुढे सांगणारच आहे, पण हे ऋण आधी नोंदवणे मला आवश्यक वाटते.

गोळी सकाळी आठच्या सुमारास, नाश्ता झाल्यावर घ्यायची, कारण शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉलही (अधिवृक्क ग्रंथींत तयार होणारे नैसर्गिक स्टेरॉइड) सकाळीच सर्वाधिक असते. एकदोनदा ती दुपारी घेतली, तेव्हा रात्री दोनपर्यंत डोळा लागला नाही. भूक मात्र वेळ पाहत नसे. तर्री-पोह्यांची एक प्लेट संपवूनही पोट रिकामेच वाटे. तीन महिन्यांत वजन साडेचार किलो वाढले आणि चेहरा इतका गोल झाला की भाचीने मला क्षणभर ओळखले नाही. याचे वाईट वाटले, आणि ते वाटणे मी लपवणार नाही.

साखरेच्या बाबतीत माझी फसगत होता होता राहिली. उपाशीपोटीची साखर 96 आल्याने मी निश्चिंत होते, पण डॉक्टरांनी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी तपासायला सांगितले, तेव्हा ती 214 निघाली. सकाळी घेतलेल्या गोळीचा साखरेवरचा परिणाम दुपारी आणि संध्याकाळी दिसतो, त्यामुळे केवळ उपाशीपोटीच्या तपासणीवर विसंबणाऱ्याला तो कळतच नाही. हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व आठवड्याची एक गोळी पहिल्या महिन्यापासूनच सुरू झाली. डोळ्यांचा दाब आणि मोतीबिंदूची तपासणीही झाली. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक गोळी आणायची नाही, कारण दोन्ही औषधे मिळून जठरात व्रण होण्याचा धोका वाढतो, हेही तेव्हाच समजले.

सर्वांत मोठी चूक माझ्याच हातून झाली. फेब्रुवारीत, डोस 9 मिलिग्रॅमवर आलेला असताना, अमरावतीच्या लग्नाला जाताना गोळ्यांची डबी घरी राहिली आणि 'तीन दिवसांनी काय होते' असे म्हणून मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी मळमळ, उभे राहताच भोवळ आणि अंगात त्राण नाही, अशा अवस्थेत नागपूरला परतले. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आपले काम मंदावतात. गोळी एकाएकी बंद केली तर त्या लगेच जाग्या होत नाहीत. ही गोष्ट मला आधी सांगितलेली होती, तरीही मी ती मनावर घेतली नव्हती. आता पर्समध्ये औषधाचे नाव व डोस लिहिलेले कार्ड असते, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकली नाही तर वाट न पाहता इंजेक्शनसाठी रुग्णालयात जायचे, हे घरात सर्वांना माहीत आहे.

दहा मिलिग्रॅमनंतर महिन्याला एकेक मिलिग्रॅम कमी होत गेले. एप्रिलमध्ये सातवर येताच खांदे पुन्हा आखडले. आजार उलटला की डोस उतरल्याची ही अंगदुखी आहे, हे ठरवण्यासाठी ईएसआर आणि सीआरपी (दाहाचीच दुसरी रक्ततपासणी) पाहिले. ते ठीक निघाल्याने डोस वाढवला नाही आणि दोन आठवड्यांत दुखणे ओसरले. सध्या 6 मिलिग्रॅम चालू आहे.

नवतपाच्या उन्हात, मे महिन्याच्या अखेरीस, आमच्या प्रतापनगरातील एक शेजारीण भेटायला आल्या. गुडघ्यांसाठी त्या वर्षभर आठवडी बाजारातून 'जडीबुटी'च्या पुड्या घेत होत्या आणि त्यांनी फार गुण येतो, असे सांगत होत्या. त्यांचा गोल चेहरा, बारीक झालेले दंड, हातांवरचे निळे डाग पाहून मला आरशातली मीच दिसले; पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असावे, असा संशय आला. पुड्या आजच फेकून द्या, हे शब्द ओठांवर आले होते. अमरावती आठवली आणि मी ते गिळले. दुसऱ्या दिवशी पुडीसकट त्यांना डॉक्टरांकडे नेले. सकाळी आठचे कॉर्टिसॉल फारच कमी निघाले, म्हणजे त्यांच्याही ग्रंथी मंदावल्या होत्या. पुड्या बंद झाल्या, पण त्यांच्या जागी मोजलेला डोस लिहून मिळाला, आणि तो हळूहळू उतरवण्याचे वेळापत्रक आता त्यांच्याही फ्रिजवर लावलेले आहे.