कीशसाठी सुट्या तळाचा टार्ट टिन: घ्यावा का? घ्या, पण हे वाचून

कीश म्हणजे मैद्याच्या पारीत अंडी-क्रीमचं मिश्रण भरून भाजलेला फ्रेंच खारा पदार्थ. त्यासाठी घेतलेला हा ९ इंची, नॉनस्टिक, कडेला चुण्या आणि तळ सुटा होणारा असा टिन आहे, ऑनलाइन पाचशेच्या आत मिळाला. आणि सगळा मुद्दा त्या सुट्या तळाचाच आहे. केकच्या साध्या भांड्यात कीश होत नाही असं नाही, पण पहिला तुकडा काढतानाच कड मोडते, मग पाहुण्यांसमोर भांडंच ठेवून चमच्याने वाढा, एवढंच करायचं तर भुर्जी काय वाईट!

यात भाजून झाली की १५ मिनिटं थांबायचं, टिन एका उपड्या डब्यावर ठेवायचा, बाहेरची रिंग अलगद खाली सरकते आणि कीश चुण्यांसकट अख्खी उभी राहते, आईबाबांच्या अ‍ॅनिव्हर्सरीला टेबलावर ठेवली तर बाबांना बेकरीतूनच आणली असं वाटलं. फक्त तळहातावर धरून तळ वर ढकलायला जाऊ नका, ती गरम रिंग बांगडीसारखी थेट मनगटात येऊन बसते.

पारीला २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम थंडगार अमूल बटर (खारंच असतं, वरून मीठ नको) आणि ३-४ चमचे बर्फाचं पाणी, बास. बोटांच्या टोकांनी रव्यासारखं चोळायचं, पाणी शिंपडून गोळा करायचा आणि थांबायचं, कणकेसारखं मळत बसलात की पारी चिवट होते आणि भाजताना आक्रसते. उन्हाळ्यात बटर हातातच वितळतं म्हणून मी मैदासुद्धा फ्रीजमध्ये ठेवते. लाटून टिनमध्ये बसवली की परत अर्धा तास फ्रीज, मग काट्याने टोचे, वर बटर पेपर, त्यावर वजनासाठी कच्चा राजमा पसरून ओटीजीत (घरगुती इलेक्ट्रिक ओव्हन) १८० अंश सेल्सियसला १५ मिनिटं, राजमा काढून अजून ७-८ मिनिटं. हे गाळलंत तर तळ गिचका राहणार म्हणजे राहणार. तो राजमा नंतर नीट शिजत नाही, वेगळ्या डब्यात ठेवून पुढच्या वेळी परत वापरा.

आत ३ अंडी, २०० मिली फ्रेश क्रीम, १०० मिली दूध, मिरपूड आणि चिमूटभर जायफळ. (सासूबाई म्हणाल्या, पुरणात घालतो ते? हो, तेच.) फ्रान्सच्या लोरेन भागातल्या जुन्या पद्धतीत बेकन, अंडी, क्रीम एवढंच, चीज नाही, पण आमच्याकडे चीज नसेल तर मुलं बघणारही नाहीत. मी कांदा मंद आचेवर लालसर करून, मशरूमचं पाणी पूर्ण आटवून आणि पालक उकडून घट्ट पिळून घातला. पिळाच हं, नाहीतर सगळं पाणी पारीत उतरतं.

आता तक्रारी. ९ इंच हे वरच्या काठाचं माप आहे, तळ त्याहून लहान, आणि उंची इंचभरच, त्यामुळे मिश्रण काठोकाठ येतं. भरलेला टिन उचललात की हिंदकळतं, तो ओटीजीत ठेवूनच जगने ओता. तळाच्या फटीतून बटर गळतं, खाली ट्रे हवाच, नाहीतर रॉडवर पडून घरभर धूर. धुतल्यावर लगेच पुसून कोरडा करा, माझ्या टिनच्या सांध्यात गंजाचा ठिपका दिसायला लागलाय. आणि तुकडे टिनमध्येच सुरीने कापू नका, नॉनस्टिक गेलंच समजा.

डिनरला करत असाल तर पारी सकाळीच भाजून ठेवता येते, संध्याकाळी भरून १८० लाच ३०-३५ मिनिटं, मधला भाग जरासा थरथरतोय तोवरच बंद करायचं, बाकीचं आतल्या उष्णतेने होतं. सोबत सूप आणि कोशिंबीर असेल तर ६ जणांना पुरते. जास्त माणसं असतील तर ११ इंची घेण्यापेक्षा असेच दोन घ्या, मोठा छोट्या ओटीजीत बसत नाही.